निकालाची घाई

अठरा वर्षांच्या स्वतःला चार शब्द सांगायची संधी मिळाली तर काय सांगाल, असे तिशी-चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारले तर उत्तरे साधारण ठरलेली येतात. अभ्यास आणखी करायला हवा होता, भीड सोडायला हवी होती, पैसे वेळेवर बाजूला टाकायला हवे होते, आईवडिलांशी जास्त बोलायला हवे होते. यात खोटे काही नाही. अडचण अशी की ज्याला हे सांगायचे तो उंबरठ्यावर उभा असतो, आणि त्याच्या हातात त्या घडीला एक गुणपत्रिका, एक प्रवेशअर्ज आणि घरातल्यांची काळजी एवढेच असते. बारावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या बसस्थानकापासून शेताच्या बांधापर्यंत त्याला एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आता कोणती लाइन?’ आणि त्याने काही सांगायच्या आत विचारणाऱ्याचे मत तयार असते: हा हुशार, हा जेमतेम, हिच्यासाठी आता स्थळ बघायचे, याचे शेतीतच भागेल. या वयाच्या मुलामुलींना सर्वांत जास्त उपयोगी पडेल असा सल्ला माझ्या मते एकच आहे. स्वतःविषयीचा शेवटचा निकाल इतक्यात लावू नका, दुसऱ्याला लावू देऊ नका, आणि जे निर्णय घ्याल ते पुढे दुरुस्त करता येतील असे घ्या. ऐकायला हे सौम्य वाटते. पण ते पाळायला शिस्त लागते, आणि ते सिद्ध करायला पुरावाही द्यावा लागतो.

पुरावा लोणारमध्येच आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेले हे विवर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे. गावाने त्याची कथा आपल्या परीने सांगितली. लवणासुर इथे राहत होता, विष्णूने त्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली आणि पुढे भूवैज्ञानिकांचे लक्ष तिकडे वळले. अवघा दख्खन लाव्हारसाने घडलेला, तेव्हा त्यातला हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, हा तर्क इतका सरळ होता की तो शंभराहून अधिक वर्षे टिकला. 1896 साली अमेरिकेचे नामांकित भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या एका विवराची चर्चा करताना लोणारकडेही बोट दाखवले होते. ॲरिझोनाच्या विवराविषयी त्यांचा निष्कर्ष मात्र चुकला. तो कसा चुकला, हे नीट पाहण्यासारखे आहे.

गिल्बर्ट घाईघाईने मत ठोकून देणारे नव्हते. त्यांनी आधी कसोट्या ठरवल्या आणि मग मोजमाप केले. आकाशातून मोठा लोहगोल येऊन जमिनीत घुसला असेल, तर तो खाली गाडलेला असणार. मग काठावर साचलेला मुरूम खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरला पाहिजे, आणि खालच्या लोखंडाने होकायंत्राची सुई विचलित झाली पाहिजे. दोन्ही कसोट्यांचे उत्तर ‘नाही’ आले. तेव्हा हा खड्डा भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाने झाला, असे त्यांनी ठरवले. मोजमाप प्रामाणिक होते, हिशेबही ठीक होता. चुकले होते ते त्याखालचे गृहीतक. प्रचंड वेगाने आदळणारी उल्का गाडली जात नाही. तिचा बहुतेक भाग त्या धडकेच्या उष्णतेने वितळून किंवा वाफ होऊन नाहीसा होतो. म्हणजे गिल्बर्ट जी वस्तू शोधत होते ती तिथे असणारच नव्हती. 1960 साली यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या विवरात कोएसाइट हे अतिदाबाखाली तयार होणारे खनिज मिळाले आणि तो निकाल फिरला. लोणारविषयी लाफोंड आणि डिट्झ यांनी 1964 साली उल्केची शक्यता मांडली, तीही प्रश्नचिन्हासह. 1973 साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारच्या खडकांतले आघाताचे पुरावे मांडले. धडकेच्या दाबाने स्फटिकाची काच झालेले फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट, त्यांत होते. अशी काच ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. मूळ गोष्ट पक्की झाल्यावरही दुरुस्ती थांबली नाही. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे 50 हजार वर्षे निघाले होते. 2011 साली आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले, म्हणजे अकरा पटींहून जास्त.

एका खड्ड्याविषयी निष्णात माणसांनी, कसोट्या लावून, शांतपणे केलेले निदान इतके चुकू शकते. मग हाडामांसाच्या माणसाविषयी सतराव्या-अठराव्या वर्षी केलेले निदान किती भरवशाचे? परीक्षेच्या गुणांवर माझा राग नाही. तीन तासांत, ठरावीक अभ्यासक्रमावर, लेखी उत्तरे देण्याची त्या दिवशीची तयारी ते मोजतात आणि बऱ्यापैकी मोजतात. गफलत होते ती आपण त्यांच्याकडून न मोजलेल्या गोष्टींची उत्तरे काढतो तेव्हा: हा चिकाटीने काम करील का, हिला माणसे सांभाळता येतील का, हा चाळिशीत नवी गोष्ट शिकेल का. होकायंत्राने उल्का शोधण्यासारखेच ते आहे. सुई हलली नाही, म्हणून काही आदळलेच नाही असे ठरत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक लख्ख उदाहरण आहे. 1875 साली मुरूडचा एक मुलगा सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. वाट शंभरेक मैलांची. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण लागत, आणि हा दिसायला लहान, म्हणून परीक्षकांनी त्याला बसू दिले नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले तेव्हा ते 23 वर्षांचे होते, आणि महिला विद्यापीठ त्यांनी 1916 साली, वयाच्या 58 व्या वर्षी सुरू केले. या गोष्टीवरून चिकाटी असली की सगळे साधते, असा अर्थ काढण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. साताऱ्याहून परत गेलेल्या आणि पुन्हा कधीच परीक्षेला न बसलेल्या मुलांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. एका कर्व्यांवरून नियम बांधता येत नाही. त्यांच्या उदाहरणातून सिद्ध होते ते एवढेच की त्या दिवशीची पट्टी, म्हणजे चेहरा आणि उंची, ज्याचे मोजमाप करायचे होते त्याला लागू नव्हती. माझ्या म्हणण्याला तेवढे पुरते.

निकाल लांबणीवर टाकण्याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याच्याविषयी निकाल लावायचा तो माणूस अजून घडतोच आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. 1875 च्या कायद्याने ती अठराव्या वर्षी ओढली. मतदानासाठी मात्र 1989 पर्यंत 21 वर्षे लागत, 61 व्या घटनादुरुस्तीनंतर ती 18 झाली. शरीराला अशी रेघ ठाऊक नसते. मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्यावर आवेग आवरणे आणि दूरचा विचार करणे अवलंबून असते, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. बदल त्यानंतरही थांबत नाही, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या क्वोइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले (हे गिल्बर्ट वेगळे). त्यांनी 18 ते 68 वयाच्या 19 हजारांहून अधिक लोकांकडे पाहिले. काहींना विचारले, मागच्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, मूल्ये, आवडीनिवडी किती बदलल्या? काहींना विचारले, पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील? प्रत्येक वयोगटात तेच दिसले. मागे वळून पाहणाऱ्यांना मोठा बदल दिसत होता, आणि पुढे पाहणाऱ्यांना वाटत होते की आता फारसे काही बदलायचे नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आपली आजची आवड जन्माची वाटते, यात म्हणून नवल नाही. त्याला सल्ला देणाऱ्या पन्नाशीच्या काकांनाही तसेच वाटते. दोघेही आजच्या माणसाला कायमचा माणूस समजून त्याचे आयुष्य आखायला बसतात, आणि दहा वर्षांनी ते आयुष्य ज्याला जगायचे असते त्याला विचारणारे कुणी नसते.

यावरून व्यवहाराचा एक नियम निघतो. निर्णय लहान की मोठा हे पाहण्याआधी तो परत फिरवता येतो का, हे पाहावे. आपल्याकडे सगळी भीती नेमकी परत फिरवता येणाऱ्या निर्णयांभोवती गोळा झालेली असते. बारावीला विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. गुण कमी पडले तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते. दहावीनंतर पदविका घेतलेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालापासून नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुढे परत येण्याची सोय ठेवली आहे. कला शाखा घेतली म्हणून किंवा एक वर्ष गेले म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. ज्या गोष्टी खरोखर परत फिरत नाहीत, किंवा फिरवायला फार किंमत पडते, त्यांच्याकडे मात्र आपण डोळेझाक करतो. मित्रासाठी कर्जाला जामीन म्हणून केलेली सही. मोर्चाच्या गर्दीत किंवा गावातल्या भांडणात नाव येऊन दाखल झालेला गुन्हा, जो पोलीस भरतीच्या चारित्र्यपडताळणीत आडवा येतो. हेल्मेटशिवाय रात्रीची मोटारसायकल. पहिल्या पगाराआधीच हप्त्यावर घेतलेल्या वस्तू. आणि लग्न.

लग्नाविषयी स्पष्टच बोलले पाहिजे, कारण या बाबतीत मुलगा आणि मुलगी एका उंबरठ्यावर उभी नसतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, तरी. मुलगा ज्या वयात कोणती लाइन या प्रश्नाचा विचार करत असतो, त्या वयात पाचांतल्या एकीहून अधिक मुलींचा निकाल आधीच लागलेला असतो, आणि तो लावणाऱ्यांत ती स्वतः नसते. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून काढली. पुरुषांना वेगळी पट्टी आणि स्त्रियांना वेगळी, यावर इतका थेट हल्ला मराठीत त्याआधी झाला नव्हता. पुस्तकाला विरोध झाला. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. मध्ये 93 वर्षे गेली. आपल्या काळाचा निकाल चुकीचा असू शकतो, हे या उदाहरणावरून कळते. तो आपल्या हयातीत दुरुस्त होईलच असे नाही, हेही कळते. तरुणांना धीर देताना ही दुसरी बाजू लपवू नये. तू मागे राहिलीस तरी जग एक दिवस दखल घेईल, हे आश्वासन खोटे ठरू शकते. दखल न घेतली तरी जे करावेसे वाटेल ते हाती घे, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: निकाल लांबवणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवर चालणाऱ्या घरात पाऊस एका महिन्याने हुकला की वर्ष हुकते. तिथे मुलाला ‘स्वतःचा शोध घे’ असे कोण सांगणार? आक्षेप खरा आहे, आणि पश्चिम विदर्भात तो झटकून टाकणे निर्दयपणाचे होईल. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी नव्वदच्या दशकात दाखवले की थोड्या काळापुरता माणसाला केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप जास्त होतो आणि दीर्घ काळात न केलेल्या गोष्टींचा. पण हे निष्कर्ष अमेरिकेतले. तिथल्या मध्यमवर्गीयाने धाडस करणे आणि सावकाराचे देणे डोक्यावर असलेल्या घरातल्या मुलाने धाडस करणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ‘मनात येईल ते करून टाक’ असा सल्ला मी देत नाही. माझे म्हणणे उलट बाजूने गरीब घरालाच जास्त लागू पडते. चुकीचा निर्णय पेलण्याची ताकद ज्याच्यात कमी, त्यानेच परत फिरण्याची वाट आधी पाहून ठेवायला हवी. दोन एकर विकून खासगी महाविद्यालयाची भरमसाट फी भरणे हा परत न फिरणारा निर्णय आहे. आयटीआय करून हाती कमाई आणणे आणि जोडीने पुढचे शिक्षण चालू ठेवणे हा फिरणारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग रुजवला, तो चैन परवडणाऱ्यांसाठी नव्हता. कमाई आणि शिक्षण यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी पोरांवर येऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती.

दुसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांकडून येतो. सगळी दारे उघडी ठेवणारा कुठल्याच दारातून आत जात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. हेही खरे, आणि याचे आजचे दुखरे ठिकाण म्हणजे स्पर्धा परीक्षा. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा 2016 साली 33 वरून 38 झाली, आणि तिने संधी वाढवली तशी वाट पाहण्याची मुदतही वाढवली. पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षामागून वर्ष काढणारा मुलगा वरवर पाहता निकाल खुला ठेवूनच बसलेला असतो. पण तसे नाही. त्याने एक निकाल अगदी पहिल्या दिवशी लावून टाकलेला असतो, की अधिकारी झालो तरच मी कुणीतरी. उघडे राहते ते फक्त कॅलेंडर. इथे गिल्बर्ट यांच्याकडून त्यांची चूक सोडून त्यांची पद्धत घ्यावी: मोजमाप करण्याआधी कसोटी लिहून ठेवावी. तयारी सुरू करतानाच कागदावर लिहावे की किती वर्षे, किती पैसे, कोणत्या टप्प्यापर्यंत पोचलो नाही तर थांबायचे, आणि थांबल्यावर कोणत्या कामाला लागायचे. तो कागद घरातल्या एका समंजस माणसाजवळ द्यावा. कामात झोकून देणे आणि निकाल खुला ठेवणे यांत विरोध नाही. झोकून द्यावे ते मुदतीच्या कामात. स्वतःची किंमत त्या कामाच्या निकालाला बांधून ठेवायची नाही.

तिसरा आक्षेप सल्ला देणाऱ्यांवरच आहे. मोठी माणसे आपल्या तरुणपणाला जे सांगू पाहतात ते गेलेल्या काळाला लागू असते. नव्वद साली शहाणपणाचे ठरले असते ते आज निरुपयोगी. ही टीका मान्य केली, तर माझ्याच म्हणण्याला बळ येते. कोणता व्यवसाय चालेल, कोणत्या पदवीला भाव राहील, हे सांगणारा सल्ला लवकर शिळा होतो. डीएड केले की मास्तरकी पक्की, या भरवशावर एकेकाळी किती घरांनी मुले त्या वाटेला लावली आणि पुढे भरती आटल्यावर त्यांचे काय झाले, हे मराठवाडा-विदर्भाला सांगायला नको. निर्णय कसा घ्यावा, याविषयीचे शहाणपण मात्र इतक्या लवकर शिळे होत नाही. मला समजले आहे ते कशावरून, माझे गृहीतक काय, आणि काय दिसले तर मी मत बदलीन, हे तीन प्रश्न 1823 साली लोणारच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या उपयोगाचे होते आणि आज तिथे उभ्या असलेल्या मुलीच्याही उपयोगाचे आहेत.

त्या मुलीला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या गावाविषयीचा निकालही ती बहुतेक वेळा उसना घेते. इथे काय आहे, असे म्हणून गाव सोडणारी मुले लोणारमध्ये कमी नाहीत, आणि सोडण्यात गैर काहीच नाही. पण बेसाल्टमधले हे इतके सुस्थितीतले आघात-विवर आहे की मंगळ आणि चंद्राच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याच्याकडे नमुना म्हणून पाहतात. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यातले मीठप्रिय सूक्ष्मजीव कारण म्हणून शोधून काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे सरोवर रामसर स्थळांच्या यादीत गेले. भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, मंदिरस्थापत्य, पक्षी, पर्यटन, यांतले काहीही शिकायचे तर प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गाव सोडायचे असेल तर ते काय आहे हे कळल्यावर सोडावे.

हे वाचणारा अठरा वर्षांचा असेल तर त्याने वरचे सगळे तपासून मगच पटवून घ्यावे. वाचणारा मोठा असेल तर त्याच्याकडे एक मागणी आहे. आपल्या घरात किंवा शेजारी या वयाची कुणी मुलगी वा मुलगा असेलच. त्यांना काय व्हावे हे सांगू नका. तुम्ही कोणता निर्णय फिरवला, तो फिरवायला किती पैसे आणि किती वर्षे लागली, आणि त्या दिवसांत तुम्हाला कुणी आधार दिला, हे सांगा. आणि निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी पुरवणी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख स्वतः शोधून ठेवा.